दवाईची ओळ

सोमवारी सकाळी साडेआठला शेतगडी जंगलूने युरियाचं पोतं फोडलं. दुपारी ओमप्रकाश हिंगणीच्या शेतात पोचला तेव्हा पोतं रिकामं होतं आणि जंगलू शेताच्या कडेला धुऱ्यावर निवांत बसला होता.

"जंगलूभाऊ, पूर्वेकडं काऊन टाकला?"

"तुमीच फोनवर सांगतलं ना, दवाईच्या ओळीले टाकजो म्हून. दवाईचं झाड त दोन्हीकडं आहे!"

ओमप्रकाशने कपाळावर हात मारला. तुरीच्या ओळींमध्ये प्रयोग म्हणून अश्वगंधा लावली होती. पूर्वेच्या अर्ध्याला फक्त शेणखत, पश्चिमेच्या अर्ध्याला फक्त रासायनिक खत. दुकानातून येईल ते सगळं ओमप्रकाशच्या तोंडी 'दवाई'. जंगलूच्या लेखी दवाई म्हणजे अश्वगंधा.

कृषी सहायक वर्षालीताईंनी बजावलं होतं, "सरमिसळ झाली तो अर्धा बाद. दोन्ही बाद, तर प्रयोगच रद्द." घरी बायकोशी, आनंदाबाईंशी, लागलेली पैज वेगळी होती. पश्चिम जिंकली तर त्यांची कपिला गाय विकायची. पूर्व जिंकली तर खताची पोती बंद. आता पूर्वेला शेणखतही होतं आणि युरियाही. पश्चिमेचं काही खरं नव्हतं.

बायको बचत गटाच्या बैठकीला गेल्याबरोबर ओमप्रकाशने कपिलेच्या शेणखताचं टोपलं डोक्यावर घेतलं. पश्चिमेची बरोबरी तरी व्हावी. वाटेत शेजारचे बंडूजी भेटलेच.

"काऊन बा, पार्टी बदलली काय?"

"चूप बसा ना, बंडूजी."

पंधरवड्याने वर्षालीताई आल्या. दोन्हीकडची झाडं सारखीच तरारली होती. "तालुक्यात अशी कुठंच नाहीत! काही मिसळलं तर नाही?"

"नाई बा."

"खोटं!" आनंदाबाई पुढे झाल्या. "बंडूजींनं सांगतलं मले. जिले विकाले निघाले, तिचंच खत डोक्यावर घेऊन पश्चिमेले टाकून राह्यले होते. ताई, हे हारले."

"म्हणजे पश्चिम बाद. पूर्व तरी शुद्ध आहे ना?"

"कपिलेची शप्पथ!" आनंदाबाई म्हणाल्या.

ओमप्रकाश मातीकडे पाहू लागला. बोललं तर प्रयोग गेला, न बोललं तर पैज.

"पन बाई, युरिया त..." जंगलूने तोंड उघडलं.

"जंगलूभाऊ! बैलाले पानी पाजा!" ओमप्रकाश घाईघाईने ओरडला.

"बैल कुठं आहे आपल्याकडं?"

वर्षालीताईंनी दोघांकडे पाहिलं, पूर्वेच्या अर्ध्यातली माती पिशवीत भरली आणि तपासणीला वर्ध्याला पाठवली. अहवाल अजून आलेला नाही. कपिला गोठ्यातच आहे. तिचं शेण सध्या ओमप्रकाश उचलतो.