पिवळ्या ठिपक्याची हकीकत

श्रीगणराय समर्थ. कुलस्वामिनी तैलवर्षिणी प्रसन्न असो, आणि जे ऐकतील त्यांची वाहने घाटात न थांबोत. शके अठराशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पक्षी जे वर्तमान घडले ते यथास्थित लिहिले असे. राज्याचे नाव सांगावयाची आज्ञा नाही. डोंगर बहुत, रस्ते वाकडे, आणि प्रजा मोटारसायकलवाली, इतके जाणावे. त्यातही मेघनाद जातीची मोटारसायकल ज्याचे घरी तो मातब्बर, बाकीचे नुसते दुचाकीवरून हिंडणारे. मेघनादाचा कारखाना कधीच बुडाला होता, नवे वाहन निघत नव्हते, आणि सुटा भाग मिळणे म्हणजे नवस फळणे, म्हणोन जी शिल्लक होती तिची प्रतिष्ठा दिवसेंदिवस चढत गेली. तिचा आवाज ऐसा, की गल्लीत शिरली की फडताळातली भांडी बोलू लागत, आणि मालकाची छाती वीतभर पुढे येई.

ऐसी ही थोर मोटारसायकल, परंतु तीत एक खोड जन्मजात होती. इंजिनाच्या माथ्यास तेल पोहोचविणारी वाट कारखानदारांनी अरुंद ठेविली, आणि मग थंडीत इंजिन सुरू करिता तेल वर चढावयास वेळ लागे, आणि तितका वेळ माथ्यातले लोखंड लोखंडावर कोरडे घासे, आणि मग काही वर्षांनी आतून ठकठक ऐसा आवाज येऊ लागे. हे कोणास ठाऊक नव्हते ऐसे नाही. राज्याचे सरनौबत नारोजी धायबर यांस ठाऊक, शिलेदारांस ठाऊक, नाक्यावरल्या चहावाल्यासही ठाऊक. परंतु तीस खोड म्हणो नये ऐसा रिवाज होता. कोणी परका बोलला तर डोळे वटारून सांगत, "खोड नव्हे हो, स्वभाव आहे. घरातल्या थोरल्या माणसाचा नसतो का?" आणि त्या ठकठकीस ते नौबत म्हणत. आपला तो बाब्या, ही रीत त्या राज्यात फार जुनी.

आता ठिपक्याची गोष्ट सांगितली पाहिजे. कारखान्यातून वाहन बाहेर पडताना इंजिनाच्या माथ्याचे बोल्ट आवळून पाहणारा त्यांवर पिवळ्या रंगाचा ठिपका देत असे. बोल्ट फिरला की ठिपका तडके. ज्याचा ठिपका शाबूत त्याचे इंजिन कधी उघडले नाही, सबब ते अभंग. अभंगवाल्यास दरबारात उजवी रांग आणि मोहिमेत, म्हणजे साऱ्यांनी मिळून घाट चढण्याच्या स्वारीत, पुढली चाल. ज्याने इंजिन उघडून नीट करविले तो डावीकडे सतरंजीच्या कडेला, आणि मोहिमेत सामानाच्या टेंपोमागे धूळ खात. ज्याने शहाणपण केले तो मागे आणि ज्याने कानात बोटे घातली तो पुढे, ऐसा तो न्याय. बखरकाराचे यावर काही म्हणणे होते, परंतु बखरकारास विचारतो कोण.

उजव्या रांगेत तिसऱ्या जागी हैबतराव सुरवसे नामे शिलेदार बसत. पन्नाशी उलटलेली, मिशा भरघोस, मनाने भोळे आणि शब्दास पक्के. परंतु मोटारसायकल मूळची त्यांची नव्हे, आणि जागाही नव्हे. दोन्ही त्यांचे धाकटे बंधू कान्होजी यांची. कान्होजींनी ती स्वतः कारखान्याच्या दारातून आणिली, तिजवर बसून ते घाटोघाट हिंडले, तिसरी जागा मिळविली, आणि मग ऐन उमेदीत कावीळ होऊन कैलासवासी जाहले. लग्न नाही, लेकरू नाही. मागे राहिली ती मोटारसायकल आणि ती जागा. हैबतराव चितेसमोर बोलले जे, कान्हूची गाडी आणि कान्हूची जागा, माझ्या जिवात जीव आहे तोवर दोन्ही राखीन. आणि मग दररोज सकाळी ते मऊ फडक्याने ठिपका पुसत, पोराच्या डोळ्यातले कुसळ काढावे तितक्या हलक्या हाताने, आणि इंजिन सुरू करून डोळे मिटून आवाज ऐकत. भाऊ अंगणात उभा आहे ऐसे त्यांस तितका वेळ वाटे, आणि मग चहा निवून जाई.

त्या वर्षी दिवाळी सरली आणि त्या आवाजात ठकठक मिसळली. हैबतरावांच्या पत्नी मैनाबाई ओसरीवर लसूण सोलत होत्या. त्या म्हणो लागल्या जे, "अहो, हा आवाज नवा आहे." हैबतराव म्हणाले, "नौबत आहे ती." त्यावर मैनाबाई म्हणाल्या, "नौबत दारात वाजते. ही पोटात वाजतेय. भावजींची गाडी, भावजींची गाडी म्हणता, मग उघडून दाखवा की कुणाला!" हैबतराव म्हणाले, "उघडली की ठिपका गेला. ठिपका गेला की कान्हूची जागा गेली. परक्या माणसाला तिथं बसलेलं बघू मी?" मैनाबाईंनी हातातला लसूण खाली ठेविला आणि विचारिले, "आणि गाडीच गेली तर?" हैबतरावांनी इंजिन बंद केले आणि उगीच आरसा पुसत बसले.

परंतु तो प्रश्न त्यांस चावत राहिला, आणि मग ते दावल मिस्तरीकडे गेले. त्या राज्यात मेघनादाचे पोट जाणणारा हा एकच कारागीर उरला होता. दावलने पेचकसाचे टोक इंजिनावर टेकिले, लाकडी मूठ कानास लाविली, आणि ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "सरकार, उघडायला पाहिजे. माथ्यातला कॅम घासून खाल्ला गेलाय." हैबतराव म्हणाले, "न उघडता काही होत असेल तर बघ." दावल म्हणाला, "न उघडता बघणारा तो वरचा. मी मिस्तरी." मग हात पुसत, नजर चुकवीत तो पुटपुटला, "ठिपक्याचं काय एवढं घेऊन बसलात? रंगच तो. लावला की लागतो." हे ऐकताच हैबतरावांच्या मिशा थरथरल्या. ते गरजले, "रंग? माझ्या भावानं मरेपर्यंत राखलाय तो! खोटा ठिपका लावून त्याच्या जागेवर बसू?" दावलने मान खाली घातली. हैबतराव तणतणत घरी आले.

मोहिमेआधी श्रवणाचा विधी होत असे. सरनौबत रांगेरांगेने फिरत, प्रत्येक इंजिनास कान देत, आणि ज्याची ठकठक फार त्यास मागे जावयास सांगत, कारण नौबत कितीही शुभ म्हटली तरी घाटात टेंपोत कोण चढविणार. म्हणोन श्रवणाच्या आदल्या दिवशी सारे शिलेदार इंजिनातले पातळ तेल काढून काकवीसारखे दाट तेल भरीत, म्हणजे ठकठक दबे. जी वाट आधीच अरुंद तीतून दाट तेल चढणार कसे, हेही सर्वांस ठाऊक. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. हैबतरावांनी आजवर हे कधी केले नव्हते, कारण वेळच आली नव्हती. यंदा त्यांनी अंगणाचे फाटक लावून घेतले, आणि दाट तेल भरले, आणि मैनाबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या त्यांजकडे पाठ केली. त्यांस वाटले, ठिपका तर खोटा केला नाही. तेल बदलणे म्हणजे काही पाप नव्हे. एवढी एक मोहीम होऊ दे, मग उघडू. माणूस आपल्या मनाशी ऐसाच तह करितो. सरनौबत आले, कान दिला, आणि हैबतरावांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "वा! कान्होजी गेला, पण आवाज ठेवून गेला." हैबतरावांच्या डोळ्यांस धारा लागल्या.

मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस पहाटे मोहीम निघाली. थंडी ऐसी की बोटे आखडली. उजवी रांग पुढे, तीत तिसरे हैबतराव, आणि मागे आवाजाचा तो गडगडाट, आणि गावोगावची पोरे रस्त्यास लोटली. घाट लागला आणि दुसऱ्या वळणावर हैबतरावांस जळक्या लोखंडाचा वास आला, आणि आवाज घोगरा जाहला. थांबावे ऐसे मनात आले. परंतु पुढल्या चालीत जो थांबला त्याची जागा मागला घेतो, ऐसा रिवाज. आणि मागला आरशात दिसतच होता. हैबतराव टाकीवर हात ठेवून म्हणाले, "कान्हू, एवढा माथा गाठ. मग तुला त्रास देणार नाही." आणि मूठ पिळली. माथ्यातला कॅम कोरडा तापून जागीच आवळला, आणि त्यास फिरविणारी आतली साखळी तुटली, आणि पिस्टनाची दांडी मोडून इंजिनाचे कवच फोडून बाहेर आली. मागले चाक अडकले, हैबतराव खांद्यावर आदळले आणि फरफटत कठड्यापाशी गेले. जिवास धोका जाहला नाही. उठून पाहतात तो कवचास हात जाईल ऐसे भगदाड, आणि त्यातून ते दाट काळे तेल धड वाहीना, रस्त्यावर गोळा होऊन राहिलेले. त्यांनी ते दोन्ही हातांनी आत लोटावयास आरंभिले. "भरा रे, कुणीतरी भरा," ऐसे ओरडत होते, आणि कोणास त्यांजकडे पाहवेना. सरनौबतांनी हेल्मेट उतरविले आणि मोठ्याने म्हणाले, "अभंग होती, अभंगच गेली!" आणि साऱ्यांनी हॉर्न वाजविले. बखरकारास तो आवाज अद्याप ऐकू येतो, आणि लाज वाटते.

टेंपोत घालून ती मोटारसायकल दावलकडे आणिली. हैबतराव हात गळ्यात बांधून समोर बसले आणि म्हणाले, "आता उघड. आता कुणाला भ्यायचं?" दावलने बोल्ट फिरविले, पिवळे ठिपके तडकून खाली पडले. मग त्याने पिस्टन काढून फडक्यावर ठेविला, आणि हैबतरावांनी वाकून पाहिला. पिस्टनाच्या माथ्यावर मोठ्या मापाचा शिक्का होता. कारखान्यातला पिस्टन मूळ मापाचा असतो. मोठा घालतात तो इंजिन एकदा उघडून, घासून नीट केल्यावरच. इतके तर शिलेदारास कळतेच. हैबतरावांनी विचारिले, "हा कुणी घातला?"

दावल म्हणाला, "मीच. धाकल्या सरकारांच्या सांगण्यावरनं. दोनदा उघडली त्यांनी. तेलाची वाटही मोठी करून घेणार होते, तेवढ्यात आजार आला."

"आणि ठिपका?"

"माझ्या बायकोची नेलपॉलिश. उजव्या रांगेत अशी एक गाडी नाही, सरकार, जी माझ्या मागल्या पडवीत उघडली नाही. सरनौबतांचीसुद्धा. ठिपके सगळे मीच देतो."

"मग मला का नाही सांगितलंस रे?"

दावल रडू लागला. म्हणाला, "शपथ घातली होती त्यांनी. म्हणाले, दादाला कळू देऊ नकोस. दादा चारचौघांत छाती काढून सांगतो, माझ्या भावाची गाडी अभंग आहे. त्याचा शब्द खाली पडायला नको. मी त्या दिवशी आडून बोललो, तर तुम्ही अंगावर आलात."

हे ऐकोन हैबतराव पिस्टन मांडीवर घेऊन बसले. कान्होजींनी गाडी जपली आणि ठिपका खोटा केला, ते भावासाठी. हैबतरावांनी खोटा ठिपका जपला आणि गाडी मारिली, तेही भावासाठी. कवच मिळावयाचे नाही, कारखाना नाही, दुसरे इंजिन नाही. तो आवाज आता कोठेच नाही, हे त्यांस तेथे बसल्या जागी कळले, आणि ते मोठ्याने रडले, जसे चितेसमोरही रडले नव्हते.

मग पौर्णिमेस दरबार भरला. हैबतराव ठरवून गेले होते की सारे उघड सांगावयाचे: ठिपके खोटे आहेत, खोडीस खोड म्हणा, वाट मोठी करून घ्या, दाट तेल ओतू नका, माझे झाले ते तुमचे होऊ देऊ नका. सरनौबतांनी त्यांस शाल दिली, अभंगवीर हा किताब दिला, आणि जाहीर केले की उजव्या रांगेतली तिसरी जागा सुरवशांची अक्षय, वाहन असो नसो. मग म्हणाले, "दोन शब्द बोला, हैबतराव." हैबतराव उभे राहिले. सारी उजवी रांग त्यांजकडे पाहत होती, हात जोडून, आणि प्रत्येकाच्या डोळ्यात एकच विनवणी, की झाकली मूठ झाकलीच असू दे. खरे बोलावे तर पहिला खोटा ठरतो तो कान्हू, ज्यास उत्तर द्यावयास तोंड नाही. हैबतरावांचे ओठ हालले, आणि ते म्हणाले, "माझ्या भावाची गाडी कधी उघडली नव्हती." टाळ्यांचा कडकडाट जाहला. दावल दाराशी उभा होता, तो निघून गेला.

येणेप्रमाणे मोहीम समाप्त जाहली. माणूस एकही दगावला नाही, मोटारसायकल एक गेली, आणि राज्यात कोणास काही नवे कळले नाही, कारण ठाऊक सर्वांस होतेच. पुढल्या श्रवणासाठी दाट तेलाचे डबे आतापासूनच बाजारात आले आहेत. हैबतराव सुरवसे हल्ली दरबारास पायी येतात आणि उजवीकडे बसतात. जे घडले ते लिहिले, अधिक लिहिणे नको.