विनीची चहाची जेली

लूर्डसचं कॅरामल पुडिंग ताटात पालथं पडलं, जरासं थरथरलं आणि ताठ उभं राहिलं, तेव्हाच विनीची भूक मेली. वसईजवळच्या होळी गावातल्या त्या घरात विनी थोरली सून. लग्नाला बारा वर्षं झालेली. लूर्डस आठ महिन्यांपूर्वी आलेली धाकटी. जेवणानंतर विनी एकटीच भांडी विसळत होती, तेव्हा सासूबाई सालोमी मागे येऊन म्हणाल्या, "विने, हाताला वळण असावं तर असं." हे वाक्य विनीला पंधरा दिवस पुरलं.

म्हणून त्यानंतर एका रविवारी सालोमीची बहीण थेरेसामावशी आणि तिची सून ॲनिशा गास गावाहून जेवायला येणार असं कळताच विनीने जाहीर केलं, "गोड मी करणार."

काय करायचं, ते मोबाइलवर आधीच हेरून ठेवलं होतं. चहाची थंडगार जेली. कोऱ्या चहात साखर, लिंबू आणि जिलेटिन विरघळवायचं, वर फळं सोडायची, फ्रिजमध्ये ठेवायचं. तिने ताजा अननस चिरला, वाडीतली पपई चिरली. शनिवारी संध्याकाळी पातेलं फ्रिजमध्ये गेलं.

रविवारी सकाळी तिने पातेलं हलवलं. चहा डुचमळला.

तिने जिलेटिनचं आणखी एक पाकीट गरम पाण्यात विरघळवून ओतलं आणि चर्चमध्ये मिस्साला गेली. देवळात तिने प्रार्थना केली ती जेलीसाठीच. परत आली तर पपईच्या फोडी निवांत पोहत होत्या. मग पातेलं फ्रीझरमध्ये. ते मावावं म्हणून सुरमईचा डबा बाहेर. सुरमईवरचा बर्फ सुटला, मग तिला मसाला लावावा लागला. मसाला लावायला गेली तर डाळ करपली. तासाभराने फ्रीझर उघडला, तेव्हा वर बर्फाची पापडी आणि खाली तोच चहा.

लूर्डस ओट्याशी कांदा चिरत होती. तिच्या ओठांचे कोपरे जागेवर नव्हते.

"तू यात काही घातलंस?" विनीने विचारलं.

"नाही, वैनी. पण जमणार नाही, हे मला कालच माहीत होतं." लूर्डस शाळेत नववीला विज्ञान शिकवायची. "ताजा अननस, ताजी पपई जिलेटिनला जमूच देत नाहीत. आधी फळं उकळायला हवी होती."

"मग काल तोंड शिवलं होतं?"

लूर्डसने सुरी खाली ठेवली. "आठ महिने रोज ऐकतेय मी. विनीसारखी आमटी कर, विनीसारखे मासे तळ. म्हटलं, एकदा विनीचंही काहीतरी बिघडू दे."

विनीला संताप यायला हवा होता. त्याऐवजी ती स्टुलावर बसली. "मम्मी असं म्हणतात?"

"रोज."

"आणि मला तुझं पुडिंग ऐकवतात."

"ते? मला म्हणाल्या, अंड्याचा वास येतो."

फाटकाशी रिक्षा थांबली. लूर्डसने उंच ग्लास काढले, विनीने बर्फाची पापडी फोडली. फळांसकट चहा ग्लासांत गेला, वर पुदिन्याची पानं, आत लांब चमचे.

थेरेसामावशीने दोन ग्लास रिचवले. सालोमी छाती काढून म्हणाल्या, "दोघींनी मिळून केलंय. माझ्या सुना आहेतच तशा."

मावशी आपल्या सुनेकडे वळली. "बघ ॲनिशा. नाहीतर तू. कायम बेकरीतला केक."

ॲनिशा हसली. त्या हसण्यात दात होते, हसू नव्हतं. थोड्या वेळाने ती रिकामे ग्लास घेऊन स्वयंपाकघरात आली आणि हळूच म्हणाली, "वैनी, कृती सांगा ना. पण मी पातळ नाही करणार. नाताळला सगळे आमच्याकडे आहेत, तेव्हा मी याची चांगली कडक जेली करून दाखवीन."

लूर्डसने तोंड उघडलं. शेवटी शिक्षिकाच ती. विनीने ओट्याखाली तिच्या पायावर पाय ठेवला.

"कर की," विनी गोड आवाजात म्हणाली. "अननस मात्र ताजाच घे."

लूर्डसने क्षणभर विचार केला.

"आणि पपईसुद्धा," ती म्हणाली.