मसूर विरुद्ध हरभरे

बहारीनच्या ऑफिसात लागून मला तीनच दिवस झाले होते. एका डिलिव्हरी नोटवर मी चुकीची तारीख टाकली, आणि कुठूनसा एक पिवळा रुमाल उडत आला तो थेट माझ्या टाइपरायटरवर पडला. मान वर केली तर दारात पन्नाशीचा, मेंदी लावलेल्या दाढीचा एक माणूस तोंडात शिट्टी धरून उभा.

"पेनल्टी," शिट्टी काढून तो म्हणाला. "पाच यार्ड मागे."

एवढं बोलून त्याने रुमालाची नीट घडी केली, खिशात ठेवली आणि चालता झाला.

हे आमचे स्टोअरकीपर, दाऊद मुकादम. मूळचे हर्णैचे. कुवेतची लढाई संपून दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. आमची कंपनी हॉटेलांना, गोदामांना एअरकंडिशनिंग बसवून द्यायची. वरच्या मजल्यावर वॉकर नावाचा अमेरिकन साहेब बसे, आणि तो साहेबच मुकादमभाईंच्या या रुमालाचं मूळ होता.

साहेब इंग्रजी बोलायचा, पण ते आमच्या शाळेतलं इंग्रजी नव्हतं. त्याच्या प्रत्येक वाक्यात अमेरिकन फुटबॉल असे. "क्वार्टरबॅक कोण आहे इथे?" असं त्याने एकदा मीटिंगमध्ये विचारलं, तर आमच्या ड्राफ्ट्समन नायरने कंपनीच्या क्वार्टरवर परत गेलेल्या तिघांची नावं सांगितली.

खरा घोळ झाला तो मी लागायच्या थोडं आधी, सित्र्याच्या गोदामाच्या कामात. साहेब म्हणाला, "इट्स फोर्थ डाउन. वी पंट." सगळे "येस सर" म्हणाले. सूर जोरदार होता, म्हणून काम जोरात करायचं असणार असं धरून आठ दिवस दुप्पट माणसं लावली. साहेब पाहायला आला आणि टोमॅटोसारखा लाल झाला. ते काम सोडून द्या, असं त्याने सांगितलं होतं! डक्टचे पत्रे मुकादमभाईंच्या स्टोअरमधून गेले होते, त्यामुळे सगळी बोलणी त्यांनी खाल्ली.

दुसरा कुणी असता तर साहेबाच्या नावाने खडे फोडत बसला असता. मुकादमभाईंनी गच्चीवरचा अँटेना फिरवला. समुद्रापलीकडून सौदीतला एक इंग्रजी चॅनेल दिसायचा, त्यावर हा खेळ लागे. ईसा टाउनच्या जुन्या बाजारातून त्यांनी मुखपृष्ठ नसलेलं नियमांचं एक पुस्तक पैदा केलं. दोन महिन्यांनी, मी लागलो त्याच आठवड्यात, त्यांनी जाहीर केलं, "शुक्रवारी नमाजानंतर माझ्या खोलीवर क्लास. यायचं सगळ्यांनी. जेवण माझ्याकडे."

आम्ही पाच-सहा जण गेलो. जमिनीवर दस्तरखान अंथरलेला, त्यावर खडूने आडव्या रेघा मारलेल्या. एका बाजूला अकरा मसूर, दुसऱ्या बाजूला अकरा हरभरे, मध्ये एक खजूर.

"मसूर आपण. हरभरे ते. चेंडू लांबट असतो, म्हणून खजूर. आणि नायर, चेंडू खायचा नाही."

"पण मुकादमभाई," मी म्हणालो, "फुटबॉल म्हणतात आणि हाताने खेळतात?"

"तुम्हा घाटावरच्यांना लगेच शंका. खेळ नको समजू, शब्द समज. साहेब शब्दातनं बोलतो, खेळातनं नाही." हे त्यांचं ब्रीदवाक्यच होतं. "आता बघ. डाउन म्हणजे एक प्रयत्न. असे चार मिळतात. चारात दहा यार्ड पुढे गेलास, की नवे चार मिळाले. तीन फुकट गेले आणि चौथ्यातही काही जमेल असं दिसत नाही, तर काय करायचं? चेंडूला लाथ घालायची आणि लांब त्यांच्याकडे घालवायचा. त्याला म्हणतात पंट. सित्र्याला आपण पंट करायचं होतं, आपण बसलो पत्रे ठोकत. खलास!"

असे आम्ही शिकलो. नियम मोडला की रेफरी पिवळा रुमाल फेकतो, ती पेनल्टी. हातातून चेंडू निसटला की फंबल. सगळ्यांनी डोकी एकत्र करून कुजबुजायचं ते हडल. चाल कशी खेळायची ते ठरवून चेंडू फेकणारा मसूर तो क्वार्टरबॅक, आणि सगळे हरभरे एकदम त्याच्या अंगावर धावून गेले की ब्लिट्झ. "कबड्डीच आहे रे," मुकादमभाई म्हणत, "फक्त कपडे जास्त घातलेत." धड्यानंतर दोन्ही टीम आमटीत जात. कोळंबीच्या भाताबरोबर ती आमटी इतकी झकास लागे की एकही विद्यार्थी कधी गैरहजर राहिला नाही.

मीटिंगमध्ये आता मुकादमभाई मागच्या खुर्चीवरून हळूच मराठी-हिंदीत अर्थ सोडत, आणि आम्ही योग्य जागी "येस सर" म्हणू लागलो. रुमाल आणि शिट्टी मात्र खालच्या मजल्यापुरती. साहेबासमोर त्यांनी ती कधीही काढली नाहीत. "त्याचा खेळ आहे. आपण नक्कल करतो असं त्याला वाटायला नको."

मग हिवाळ्याच्या तोंडाला साहेब बदलला. मीटिंगमध्ये साधं, सरळ इंग्रजी बोलू लागला. "हे काम गुरुवारपर्यंत संपवा." बस. आम्हाला सगळं कळायला लागलं, आम्ही खूश. मुकादमभाई तेवढे बेचैन.

"साहेब साफ बोलतोय," ते मला म्हणाले. "काहीतरी बिघडलंय."

बिघडलं होतं खरं. साहेबाची बायको अमेरिकेला निघून गेली होती, आणि परत येणार नव्हती. ड्रायव्हरकडून कळलं की साहेब सुटीच्या दिवशी सनदच्या बाजूच्या आपल्या व्हिलातून बाहेर पडत नाही.

पुढच्या शुक्रवारी क्लास नव्हता. मुकादमभाईंनी तळलेलं पापलेट डब्यात भरलं, मला बरोबर घेतलं आणि साहेबाची बेल वाजवली. दाढी वाढलेला साहेब दारात आला. काही काम आहे का, त्याने विचारलं.

"सर," मुकादमभाई अगदी गरीब चेहऱ्याने म्हणाले, "टीव्हीवर तुमचा फुटबॉल बघतो. काहीच समजत नाही. हे डाउन, डाउन म्हणतात, ते काय असतं?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो.

साहेबाने दार पुरतं उघडलं. मग आत या म्हणाला. भावाने पाठवलेल्या व्हिडिओ कॅसेटी खोक्यात तशाच पडल्या होत्या, त्यातली एक त्याने लावली. सुरुवातीला तो एकेक शब्दच बोलत होता. मुकादमभाई मान डोलवायचे आणि नेमकं चुकीचं विचारायचे. "सर, हा पळतोय तो रेफरी का?" साहेब हसला. टेप थांबवली, मागे घेतली, टेबलावरच्या मीठमिरीच्या बाटल्या मांडून पुन्हा समजावलं. पापलेट संपलं तेव्हा तो उभा राहून हातवारे करत होता.

परतीच्या वाटेवर मी म्हणालो, "तुम्हाला तर सगळं येतं."

त्यांनी रिकामा डबा मांडीवर नीट ठेवला.

"माझी मुलगी फोनवर विचारते, अब्बा, कसे आहात? मी म्हणतो, बरा. झालं, खलास. सहा वर्षं हेच चाललंय. कसे आहात विचारलं की माणूस गप्प होतो रे. पण जरा समजावून सांगा म्हटलं, की तासभर बोलतो." मग म्हणाले, "तुम्हाला क्लासात शिकवतो ना, तेव्हा मीच बघ किती बोलतो."

तो सगळा हिवाळा ते दर शुक्रवारी दुपारी सनदला गेले. आमचा क्लास शनिवारी संध्याकाळी ऑफिसनंतर होऊ लागला. मीटिंगमध्ये हळूहळू फंबल आणि ब्लिट्झ परत आले.

पुढच्या वर्षी साहेबाचा करार संपला. निरोपाच्या जेवणात तो बोलायला उठला आणि मुकादमभाईंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "हा फार चांगला माणूस आहे. पण डाउन म्हणजे काय, हे याच्या डोक्यात शिरवायला मला अख्खा सीझन लागला! आणि खरं सांगू? याला शिकवता शिकवताच माझा तो हिवाळा निभावला."

"येस सर," मुकादमभाई म्हणाले. "मेरा दिमाग जरा स्लो है."

साहेब खो खो हसला. आणि मसूर-हरभऱ्यांवर शिकून तयार झालेला आमचा सगळा वर्ग ताटात बघून मुकाट्याने जेवत राहिला.