पंख चिकटवण्याबाबत

निवृत्त उपसंचालकांच्या जेवणाच्या टेबलावर एका सकाळी एक लांबट खोके दाखल झाले. खोक्यात एका विमानाचे सुटे भाग होते. विमान खेळण्यापेक्षा मोठे, खऱ्यापेक्षा बरेच लहान, आणि त्याला इंजिन नव्हते. ते जोडायचे, हाताने हवेत फेकायचे, मग ते वाऱ्यावर तरंगत राहणार आणि आपण जमिनीवर उभे राहून रेडिओच्या यंत्राने त्याला वळवायचे, अशी एकंदर योजना होती. खोके उपसंचालकांच्या एकुलत्या एक मुलीने पाठवले होते. ती परगावी नोकरी करत होती आणि महिनाअखेरच्या रविवारी घरी येणार होती.

"बाबा, मी येईपर्यंत जोडून ठेवा," ती फोनवर म्हणाली. "आल्या आल्या मैदानावर उडवू. आणि हे बघा, 'बघू' म्हणू नका."

शेवटचे वाक्य उपसंचालकांना लागले. मुलगी लहान असताना तिने झोपाळा मागितला होता, सायकलची घंटी बसवून मागितली होती, कागदाची होडी मागितली होती. प्रत्येक वेळी ते 'बघू' म्हणाले होते. त्यांच्या खात्याच्या भाषेत 'बघू' हा होकारच असतो, फक्त त्याची अंमलबजावणी होत नाही. पोरगी 'बघू' ऐकत ऐकत मोठी झाली आणि निघून गेली. आता त्यांनी मनाशी ठरवले, की काही झाले तरी हे विमान स्वतःच्या हाताने पुरे करायचे आणि तिला उडताना दाखवायचे. उभ्या नोकरीत त्यांच्या हातून पुढे बरेच काही गेले होते. पुरे काहीच झाले नव्हते.

सुरुवात झोकात झाली. माहितीपुस्तिकेतली पहिलीच सूचना होती, 'सर्व भाग आधी न चिकटवता जोडून पाहावेत.' ती वाचून उपसंचालकांना आपल्या माणसांत आल्यासारखे वाटले. काहीही पक्के न करता सगळे जागच्या जागी दिसेल असे मांडून ठेवणे, हेच तर त्यांनी जन्मभर केले होते. त्यांनी पातळ लाकडाच्या फासळ्या पंखाच्या दांड्यावर बसवल्या, काढल्या, पुन्हा बसवल्या. शेपूट लावले, उतरवले. दिवस कसे गेले कळले नाही. जेवणाचे टेबल अडल्यामुळे नवराबायको मांडीवर ताटे घेऊन जेवू लागली.

दुसरी सूचना गोंदाची होती आणि तिथे घोडे अडले. गोंदाची नळी बोटाएवढी; तिच्यावर लिहिले होते, 'दहा सेकंदांत कायमचे चिकटते. नंतर बदल शक्य नाही.' उपसंचालकांनी चष्मा पुसून पुन्हा वाचले. दहा सेकंदांत त्यांच्या कार्यालयात पेनाचे टोपण निघत नसे. 'कायमचे' म्हणाल, तर खात्यात माणसेसुद्धा कायम व्हायला केस पिकत. आणि बदल शक्य नाही? शुद्धिपत्रक काढण्याची सोय ठेवल्याशिवाय त्यांनी कधी सुट्टीचे पत्रकही काढले नव्हते.

"चिकटवा की," बायको म्हणाली.

"चिकटवा की काय? उद्या पंख वाकडा बसला तर?"

"तर वाकडं उडेल."

"आणि कुणी विचारलं, की हा पंख चिकटवला कुणी, तर?"

"कोण विचारणार आहे? मी आणि तुमची लेक. आम्ही दोघींनी तुम्हाला काही विचारायचं कधीच सोडलंय."

या युक्तिवादात भावना होती, पण अधिकार कोठेच नव्हता. उपसंचालकांनी त्याच संध्याकाळी एक समिती नेमली. वरच्या मजल्यावर राहणारे निवृत्त लेखाधिकारी आणि समोरच्या दारातले निवृत्त विधी सल्लागार हे सदस्य, आणि गल्लीच्या टोकाला राहणारे, ज्यांच्या हाताखाली तिघांनीही नोकरी केली होती ते मोठे साहेब अध्यक्ष. तिघेही अर्ध्या तासात हजर झाले. निवृत्तीपासून ही माणसे घरात कुणाच्या ना कुणाच्या पायात पायात येत होती. आता त्यांच्या चेहऱ्यावर तेज आले. बायकोने चहा टाकला आणि पुढे ती तो टाकतच राहिली.

समितीचे काम कसून चालले. पहिला मुद्दा लेखाधिकाऱ्यांनी काढला. "याला इंजिन नाही. मग हे चालणार कसं?"

"आपलं खातं चाललं ना?" मोठे साहेब म्हणाले. मुद्दा निकाली निघाला.

पुस्तिकेत पुढे लिहिले होते, की विमानाचा तोल साधेपर्यंत त्याच्या नाकात शिशाचे वजन भरावे. हे ऐकून मोठे साहेब प्रसन्न हसले. वजन ठेवल्याशिवाय काही पुढे सरकत नाही, हे त्या कारखानदारालाही कळलेले पाहून त्यांना बरे वाटले. रेडिओच्या यंत्राचे प्रात्यक्षिक तर त्यांना फारच आवडले. हातातली कांडी डावीकडे ढकलली की विमानाच्या शेपटीचे पान डावीकडे वळे. "शेपूट हलवणारे मला नोकरीत रग्गड भेटले," ते म्हणाले, "पण सांगितलेल्या बाजूला हलवणारं हे पहिलंच." त्या दिवशी कामकाज असे झाले नाहीच. साहेबांनी नुसते शेपूट हलवले.

खरा पेच पुढेच होता. आधी डावा पंख चिकटवायचा की उजवा? डावा आधी चिकटवला तर उजव्याला डावलल्यासारखे होते, आणि उजवा आधी चिकटवला तर डाव्याच्या वतीने कुणी हरकत घेतली तर काय, असे विधी सल्लागारांचे म्हणणे पडले. बऱ्याच चहानंतर ठराव झाला, की दोन्ही पंख एकाच वेळी, परंतु क्रमाक्रमाने चिकटवावेत. आता फक्त नळी कुणी दाबायची एवढेच उरले. त्यावर सगळ्यांनी आपापल्या हातांची चौकशी केली. लेखाधिकाऱ्यांचा हात कापत असे, विधी सल्लागार फक्त सल्ला देत असत, आणि अध्यक्षांनी स्वतः काही करायचे म्हटले तर मग बाकीच्यांची गरज काय, असा प्रश्न आला असता.

"बाबा, कुठवर आलं?" मुलीने फोनवर विचारले.

"तत्त्वतः पूर्ण आहे," उपसंचालक म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःची लाज वाटली. मुलीशी ते परिपत्रकाच्या भाषेत बोलले होते.

शनिवारी दुपारी समिती यायच्या आधी बायको टेबलाशी येऊन बसली. "हे बघा," ती हळू आवाजात म्हणाली, "उद्या येतेय ती. आत्ता घरात कुणी नाही. तुम्ही लावा, मी आकडे मोजते. दहा म्हणजे काही फार नाही हो."

उपसंचालकांनी नळीचे टोपण काढले. डावा पंख हातात घेतला. तो हातात आहे की नाही कळू नये इतका हलका होता, आणि तो त्यांना फार आवडला होता, हे खरे. हे एवढे आपल्याला जमावे असे त्यांना मनापासून वाटत होते. बायको मोजायला तोंड उघडणार, तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. चोरी पकडली जावी तसे उपसंचालक दचकले. त्यांनी पंख खाली ठेवला आणि उघडी नळी घाईघाईने हाताला लागेल तिथे दडवली. हाताला अध्यक्षांच्या खुर्चीच्या बैठकीतली फट लागली.

अध्यक्ष आले आणि बसले. नळी बिचारी नियमानुसार वागली. दहा सेकंद झाले आणि मोठे साहेब खुर्चीला चिकटले. ते पूर्वीही चिकटलेलेच असत, त्यामुळे लवकर कुणाच्या लक्षात आले नाही. त्या सभेत त्यांनी निर्णय दिला, की वेळ कमी असल्याने दोन्ही पंख तात्पुरत्या स्वरूपात साध्या चिकटपट्टीने बसवावेत आणि कायम चिकटवण्याचा प्रश्न उड्डाणानंतर विचारात घ्यावा. उपसंचालकांचा जीव भांड्यात पडला. मग साहेब उठू लागले आणि खुर्चीही उठली.

"पँट काढली की सुटतील," बायकोने आतून बाहेर येत सांगितले आणि नळी खुर्चीच्या फटीतून ओढून काढून, टोपण लावून पदरात बांधली.

"वहिनी, त्यात अडचण आहे," विधी सल्लागार म्हणाले. "अध्यक्षांनी पँट उतरवली तर साहेब पायउतार झाले असा अर्थ निघू शकतो." साहेबांना हा अर्थ मुळीच नको होता. ते खुर्चीसकट घरी गेले. मागचे पाय लेखाधिकाऱ्यांनी धरले होते.

रविवारी मैदानावर सगळी वसाहत लोटली. मोठे साहेब कमरेत वाकून, मागे खुर्ची घेऊन चालत आले. तिला आता झालर लावली होती. लोकांनी पाहिले आणि ताडले, की मानाच्या पाहुण्यांनी हल्ली असेच यायचे असते. हसण्याची कुणाची छाती झाली नाही. थोड्या वेळाने एक निवृत्त मुख्याध्यापक घरी जाऊन आपली खुर्ची पाठीमागे दोरीने बांधून आले. मग वसाहतीचे चिटणीस आले. मग एक डॉक्टर आले, त्यांची खुर्ची गोल फिरणारी होती म्हणून चिटणिसांचे तोंड पडले. कार्यक्रम सुरू होईपर्यंत पहिल्या रांगेत एकही प्रतिष्ठित माणूस ताठ उभा नव्हता.

मुलगी स्टेशनवरून बॅग खांद्याला तशीच अडकवून आली. तिने आधी बापाला मिठी मारली, मग विमान हातात घेतले. "किती सुंदर बसवल्यात फासळ्या, बाबा!" ती म्हणाली, आणि उपसंचालकांना भरून आले. मग तिचे बोट पंखाच्या मुळाशी गेले. "हे काय? चिकटवलं नाही?"

"तात्पुरती पट्टी लावली आहे. तसा निर्णय झाला."

"फेकलं की निखळेल ना हो. गोंद कुठे आहे?"

बायकोने पदराची गाठ सोडून नळी लेकीच्या हातावर ठेवली. मुलीने ती बापापुढे धरली. "लावा. मी धरते पंख. दहा सेकंद, बाबा."

उपसंचालकांनी नळीकडे पाहिले, मुलीकडे पाहिले. एवढ्या मोठ्या मैदानात त्या दोघांत तिसरे कुणी नव्हते. हात पुढे करायचा, बस. त्यांनी मान वळवून मोठ्या साहेबांकडे पाहिले. "साहेब, आपली परवानगी असेल तर..."

"उड्डाण आधी," साहेब वाकल्या वाकल्या म्हणाले. "लोक खोळंबलेत." मुलीने नळी मुठीत मिटून घेतली आणि ती बाजूला झाली.

साहेबांनी भाषण केले. "कोणतीही गोष्ट वाऱ्यावर सोडण्याचा आमच्या खात्याला दांडगा अनुभव आहे," ते म्हणाले आणि त्यांनी एका हाताने खुर्ची सावरत दुसऱ्या हाताने विमान भिरकावले. डावा पंख डावीकडे गेला, उजवा उजवीकडे. दोन्ही फार छान तरंगले. मधले धड नाकातल्या वजनासह सरळ जमिनीत घुसले. उपसंचालक यंत्राची कांडी जिवाच्या आकांताने ढकलत होते आणि शेपूट शेवटपर्यंत आज्ञेत हलत होते. साहेबांचा हात सुटला की टाळ्या वाजवायच्या, असे लेखाधिकाऱ्यांनी सगळ्यांना आधीच सांगून ठेवले होते. त्यामुळे टाळ्यांचा कडकडाट झाला आणि बराच वेळ थांबला नाही.

मुलगी दुसऱ्याच दिवशी परत गेली. दारात चपला घालताना म्हणाली, "पडलं त्याचं काही वाटलं नाही, बाबा. तुमच्या हातून पडलं असतं ना, तर मी धावत जाऊन उचलून आणलं असतं." ती गेल्यावर उपसंचालक रिकाम्या टेबलाशी बसून लहान मुलासारखे रडले.

अपघाताची चौकशी करायला तीच समिती नेमण्यात आली, कारण प्रकरणाची तिला पूर्ण माहिती होती. समितीला चिकटपट्टी निर्दोष आढळली. फेक निर्दोष आढळली. वारा बेताचा होता. मात्र त्या क्षणी मैदानावर जोरदार टाळ्या पडल्या, एवढ्या माणसांच्या तळहातांतून अनपेक्षित वारा सुटला आणि त्या झोताने दोन्ही पंख निखळले, असा निष्कर्ष निघाला. अपघाताची संपूर्ण जबाबदारी टाळ्या वाजवणाऱ्यांवर ठेवण्यात आली.

वसाहतीच्या सभेपुढे अहवाल वाचून संपला तेव्हा उपसंचालक जागेवरून उठले. 'गोंद माझ्यापुढे धरला होता. मी हात पुढे केला नाही,' एवढेच त्यांना सांगायचे होते. ओठांवर आलेही होते. पण एकदा बोललेले मागे घेता येत नाही, हे ध्यानात येऊन ते तसेच थबकले. ते आभार मानायला उठले असावेत अशा समजुतीने सभेने टाळ्या वाजवल्या. उपसंचालक खाली बसले, आणि सगळे वाजवत होते म्हणून त्यांनीही वाजवल्या.

अहवाल अंतिम झाला आहे. फक्त जबाबदार व्यक्तींची नावे निश्चित व्हायची आहेत. तोवर त्या रकान्यात 'पाहणारे सर्व' असे लिहून ठेवले आहे. चुरचुरीत वाक्यागणिक मनातल्या मनात टाळ्या देत आपण इथवर आलात, आणि मुलगी नळी धरून उभी होती तेव्हाही पुढे काय होते ते पाहत बसलात. तेव्हा आपले नाव त्यातून वगळण्याचे कोणतेही सबळ कारण समितीला आढळलेले नाही.