यादीतली तहान

तेजलनं सुई बाहेर काढली, आबांच्या पोटावर कापूस नुसता टेकवला, चोळला मात्र नाही. चोळायचा नसतो. बाटली हलवायची नसते, तळहातांत घोळवायची असते. सोळा म्हणजे सोळा, रेघेवर रेघ. सगळं पुस्तकात होतं तस्सं जमलं होतं. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीनं घरच्या माणसाला दिलेलं हे पहिलं इन्शुलिन. ती स्वतःवर इतकी खूश झाली की आबांच्या तोंडाकडे तिनं बघितलंच नाही.

"सांगत होतो तुला," आबा म्हणजे खंडेराव बनियन खाली ओढत म्हणाले, "तुझ्या आजीनं सकाळीच टोचलंय म्हणून. पण या घरात म्हाताऱ्याचं ऐकतो कोण?"

"आबा, पुरे हं."

आबांवर विश्वास ठेवायची या घराची पद्धतच नव्हती. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, तर मुलानं हौसेनं आणलेला पावलं मोजायचा पट्टा त्यांनी शेजारच्या कुत्र्याच्या गळ्यात बांधला होता. महिनाभर डॉक्टर 'शाबास' म्हणत होते. साखर काही हलत नव्हती, म्हणून चार दिवसांपूर्वी इन्शुलिन सुरू झालं. तरी हलली नाही, म्हणून कालच डोस दहावरून सोळावर गेला.

तेवढ्यात आजी, म्हणजे सिंधुबाई, पोह्यांची बशी घेऊन आली आणि तेजलच्या हातातली सुई बघून दारातच थबकली.

"अगं, काय केलंस? सातलाच दिलं की मी! तुळशीला पाणी घातलं नि दिलं. सोळा!"

तेजलनं हिशेब केला. सोळा आणि सोळा बत्तीस. आबा आयुष्यात एकदा खरं बोलले, आणि ते नेमकं आज.

"पप्पा!" ती किंचाळली.

महेश बाहेर गाडीतून झेंडूचे क्रेट उतरवत होता. तो तसाच मातीच्या पायांनी आत आला. पाथर्डी फाट्याच्या मळ्यातून फुलं आणायची, इंदिरानगरातल्या घरी चहा घ्यायचा आणि बाजारात जायचं, हा त्याचा रोजचा रस्ता. टेन्शन आलं की समोर दिसेल ते खायचं, हेही रोजचंच. त्यानं सगळं ऐकलं आणि आबांचे पोहे खायला सुरुवात केली.

"पप्पा, ते आबांचे आहेत! आबांना खाऊ द्या. आजी, तीन चमचे साखर पाण्यात घाल. पंधरा मिनिटं थांबायचं, मग साखर बघायची. मशीन कुठंय?"

मशीन होतं. साखर तपासायच्या पट्ट्यांची डबी मात्र रिकामी होती.

"पंचवीस पट्ट्या होत्या, आबा!"

"जॉगिंग ट्रॅकवरच्या दोस्तांची तपासली काल," आबा शांतपणे म्हणाले. "लहानूची दोनशे साठ निघाली. लय वरडला. म्हणून त्याची परत तपासली."

तेजलनं कॉलेजच्या तृप्ती मॅडमना फोन लावला. येत्या मंगळवारी त्यांच्याच पुढ्यात तिची तोंडी परीक्षा होती, विषय इन्शुलिनच. मागच्या वेळी साखर खाली गेल्याची लक्षणं सांगताना तिनं त्यात तहानही घातली होती आणि मॅडमनी अख्ख्या वर्गासमोर झापलं होतं, "तहान साखर वाढल्यावर लागते, तेजल! पेशंटचा जीव घेशील." होस्टेलवरून सुट्टीला आल्यापासून ती घरभर फिरत यादी पाठ करायची आणि दर वेळी तहान येऊन तिच्यात बसायचीच.

"पेशंट शुद्धीवर आहे ना?" मॅडम म्हणाल्या. "मग गोड दे, साखर तपास आणि डॉक्टरांना आत्ताच्या आत्ता कळव. गुंगी आली तर तोंडात काही घालू नकोस, सरळ गाडीत घाल."

डॉक्टरांचा फोन बिझी लागला. इकडे आबांनी साखरेचं पाणी संपवलं, कपाळावरून हात फिरवला आणि क्षीण आवाजात म्हणाले, "घाम आल्यासारखं वाटतंय, तेजे."

"आई गं!"

"हात पण थरथरतोय. बघ." हात खरंच थरथरत होता. "साखरेच्या पाण्यानं नाय व्हायचं काय. कोपऱ्यावर जिलेबी तळतेत या टायमाला."

एरवी या वाक्यावर आबांना आजीनं पळवलं असतं. आज महेश चप्पल न घालता धावला. अर्धा किलो जिलेबी आली. आबांनी पहिली खाल्ली आणि छातीवर हात ठेवला, "धडधडतंय." दुसरी खाल्ली, "भूक लय लागलीय." आजी पदर डोळ्यांना लावून भरवत होती. "खावा हो, खावा. चार वर्षं एक पेढा दिला नाय मी तुम्हाला, माझंच चुकलं."

"जाऊ दे, सिंधू," आबा पाचवी उचलत म्हणाले. "मी माफ केलं."

तेजलचा स्वतःचा घाम थांबेना. हे मिसळलेलं इन्शुलिन. अर्ध्या तासात सुरू होतं, पण खरा जोर पुढं कित्येक तास. म्हणजे आत्ता खाऊन भागणार नाही, दुपारपर्यंत डोळ्यात तेल घालून बसायचं. आणि आबांना काही झालं तर? यांना झेंडूची जात नुसत्या वासावरून ओळखता येते, हे ती होस्टेलमध्ये सगळ्यांना सांगायची. आता काय सांगणार? मी मारलं म्हणून?

"पप्पा, वरच्या आशाकाकूंकडे पट्ट्या असतील. पळा!"

महेश जिन्याकडे पळाला. आबांनी बोटं चाटली, डोळे मिटले आणि म्हणाले, "आता तहान लागली."

तेजल थांबली.

घाम. थरथर. धडधड. भूक. तहान.

ही यादी जगातल्या कुठल्याच पुस्तकात नव्हती. या क्रमानं, या चुकीसकट, ती फक्त एकाच डोक्यात होती. आणि ते डोकं तीन दिवस याच खोलीत, याच खाटेपाशी फेऱ्या घालत मोठ्यानं पाठ करत होतं.

"आबा," ती हळूच म्हणाली, "तहान?"

"लय."

महेश पट्ट्या घेऊन आला. बोट धुतलं, पुसलं, टोचलं. मशीननं आकडा दाखवला, तीनशे अठरा.

"वाचले!" महेशनं भिंतीला पाठ टेकली. त्याला आता काहीतरी खायला हवंच होतं. आबांच्या उशीशेजारी एक मोसंबी होती. त्यानं ती सोलली, दोन फोडी तोंडात टाकल्या.

"ती नको खाऊ!" आबा खाटेवरून ताडकन उठले. मघाचा अशक्तपणा कुठल्या कुठं गेला.

जिलेबीला नाही न म्हणणारा माणूस मोसंबीला एवढा का घाबरतो? तेजलनं साल उचलून नाकाशी नेली. मोसंबीला दवाखान्याचा वास येत होता. सालीवर सुईचं बारीकसं भोक होतं.

"आजी, तू आबांना सुई देतेस ती कशी?"

"डोळे मिटून देते बाई. मला नाय बघवत. कंपाउंडरनं मोसंबीवरच शिकवलं मला, सुई मऊ जाते म्हणाला. हे बनियन वर करतेत, म्हणतेत दे. मी देते. आतनं पण मोसंबीवानीच लागतं."

सगळे आबांकडे बघू लागले.

"मला सुईची भीती वाटते," आबा खाली मान घालून म्हणाले. "लहानपणापासनं. तुझ्या आजीचं बघून वाटलं, ती डोळे मिटतीय तर आपलं पोट कशाला पुढं करायचं? मोसंबी धरली. पण तेजी बघून टोचती. फसलो. मग म्हटलं, फसलोच हाय तर जिलेबी तरी खाऊ."

"आणि आधीच्या मोसंब्या?"

"जॉगिंग ट्रॅकवर वाटल्या. दोस्तांना."

महेशचा चेहरा पांढरा पडला. "तेजल, मी इन्शुलिन खाल्लं! मला घाम येतोय! माझा हात बघ!"

"पप्पा, तोंडावाटे गेलं की पोटात पचून जातं. डाळीसारखं. म्हणून तर सुई लागते!" तेजल म्हणाली आणि मग तिच्या लक्षात आलं, की पुस्तकातला हा प्रश्न तिला कालपर्यंत येत नव्हता.

डॉक्टरांचा फोन अखेर लागला. त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, औषध काम करत नव्हतं असं मी समजत होतो. ते पेशंटपर्यंत पोचतच नव्हतं. आज दोन-दोन तासांनी साखर बघा, आणि संध्याकाळपासून परत दहाच युनिट.

चार दिवस आपण मोसंबीची सेवा करत होतो, हे आजीला दिवसभर काही केल्या गिळवत नव्हतं. संध्याकाळी तिनं चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, बाटली तळहातात घोळवली. तेजलनं दहाची रेघ दोनदा बघितली.

"तेजल, तू बाजूला हो. आज मीच देते," आजी म्हणाली. "बघून देते. बनियन वर करा. दोन्ही हात डोक्यावर."

"सिंधू, माझं ऐक..."

"हात डोक्यावर!"

आबांच्या कपाळावर दरदरून घाम फुटला. हात थरथरू लागले. छाती एवढी धडधडली की तेजलला लांबून दिसली. तिनं घाबरून मशीन लावलं. साखर एकशे शहाण्णव. साखरेचा काहीच दोष नव्हता.

घाम, थरथर, धडधड, सगळं यादीप्रमाणे आलं. तहान तेवढी लागली नाही.