सबब चालणार नाही

नाताळाला तीन आठवडे उरले होते आणि काकाकाकूंच्या जेवणाच्या टेबलावर हद्दीचा वाद पेटला होता. टेबलाची खिडकीकडची बाजू काकूंची. तिथे रंगीत कार्डं, डिंक आणि चहाचा कप. भिंतीकडची बाजू काकांची. तिथे नोंदवही, पट्टी, शिक्का आणि खाकी पाकिटांचा गठ्ठा. काकूंचा डिंक हद्द ओलांडून नोंदवहीला चिकटला होता, एवढंच कारण.

काका चौतीस वर्षं एका इस्पितळात भांडारपाल होते. निवृत्त झाल्यावर पाळकसाहेबांनी चर्चच्या सामानावर लक्ष ठेवायचं काम त्यांना प्रेमाने दिलं आणि काकांनी ते सरकारी थाटात घेतलं. चर्चमधून शिडी नेली, पावती. मोठं पातेलं नेलं, पावती. एकदा पाळकसाहेबांनी स्वतःच्याच प्रवचनासाठी पेन मागितलं, तेव्हाही काकांनी सही घेतली. तेव्हापासून चर्चला येणारी सगळी मंडळी त्यांना पावतीकाका म्हणू लागली. काकूंना मात्र कुणी पावतीकाकू म्हणत नसे, कारण त्यांनी कुणाला काय दिलं हे त्यांनाच आठवत नसे.

यंदा काकांनी जुन्या नोंदी तपासल्या आणि त्यांचा जीव वरखाली झाला. चर्चच्या चाळीस घडीच्या खुर्च्या नऊ घरी पाहुण्यांच्या नावाने गेल्या होत्या आणि तिथेच नांदत होत्या. गेल्या नाताळात तीसेक माणसं भिंतीला टेकून उभी होती. म्हणून काकांनी नऊ नोटिसा तयार केल्या.

"आपण मंडळीच्या खुर्च्या नेल्याचे दिसते," ते मोठ्याने वाचू लागले. "डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजता स्वतः येऊन परत कराव्यात. आजारपण, दुःख, थकवा वा विसर यांपैकी कोणतीही सबब चालणार नाही."

"अहो, चर्चची नोटीस आहे की कोर्टाची?" काकू म्हणाल्या. "निदान वर 'प्रिय' तरी लिहा."

"खुर्ची ढापणारा प्रिय कसा?"

काकूंची कार्डंही नऊच होती. दर नाताळात त्या आजारी, एकट्या पडलेल्या, दुःखातल्या माणसांना धीराचे दोन शब्द लिहीत. देव कुणाला विसरत नाही, पण तसं कुणीतरी येऊन सांगावं लागतं, असं त्यांचं साधं म्हणणं. आठ कार्डं भराभर झाली होती. राहिलं होतं ते मास्तरांचं. त्यासाठी त्यांनी चार कोरी कार्डं फाडली होती.

मास्तर म्हणजे एकतीस वर्षं चर्चचं गायनमंडळ चालवणारा माणूस. दोन वर्षांपूर्वी बायको गेली आणि मास्तरांनी दार लावून घेतलं. चर्च बंद, गाणं बंद, बोलणं बंद. काकू दर महिन्याला डबा घेऊन जात, दार वाजवत आणि डबा उंबऱ्यावर ठेवून परत येत. पुढच्या महिन्यात तोच डबा घासूनपुसून उंबऱ्यावर असे. मास्तर मात्र दिसत नसत. या नाताळात त्यांनी चर्चमध्ये यावं, निदान मागच्या बाकावर बसावं, एवढंच काकूंना हवं होतं. त्यासाठी त्या रोज प्रार्थना करत होत्या.

"पाकिटं तरी रंगीत घेऊ," काकू म्हणाल्या.

"पाकीट उघडल्यावर फेकायचंच असतं. घरात दोनशे खाकी पडलीत." काकांनी विषय संपवला. "आणि कार्डावर नाव लिहू नकोस. पाकिटावर असतंच. एकच काम दोनदा का करायचं? एक ते नऊ आकडे टाक. तुझी यादी एक ते नऊ, माझी यादी एक ते नऊ. पद्धत असली की चूक होत नाही."

पद्धत खरोखर चोख होती. मास्तरांचं कार्डही एकदाचं लिहून झालं आणि कार्डं व नोटिसा आकड्यांच्या क्रमाने खाकी पाकिटांत बंद झाल्या. तेवढ्यात ओव्हनमधला केक करपल्याचा वास आला. काकू धावल्या, तापलेला डबा घेऊन आल्या आणि जागा करायला त्यांनी दोन्ही गठ्ठे उचलून बाजूच्या स्टुलावर ठेवले. डबा निवल्यावर ते पुन्हा टेबलावर ठेवले. खिडकीकडचा भिंतीकडे गेला आणि भिंतीकडचा खिडकीकडे. मग काकांनी खिडकीकडच्या गठ्ठ्यावर काकूंच्या यादीतले आणि भिंतीकडच्यावर आपल्या यादीतले, असे सुरेख अक्षरात अठरा पत्ते लिहिले, अठरा तिकिटं चिकटवली आणि जाऊन टपालात टाकून आले.

मंगळवारी दुपारी बेल वाजली. दारात दातांचे डॉक्टर उभे. एरवी गुलजार माणूस, आज चेहरा पांढराफटक. मागे त्यांच्या गाडीतून खुर्च्यांचे पाय बाहेर आले होते.

"सहा आहेत," डॉक्टर म्हणाले. "मोजून घ्या. मुलीच्या साखरपुड्याला नेल्या होत्या. मग पेशंट बसायला लागले आणि राहिल्याच. आता कुणाचं काही ठेवून जायचं नाही असं ठरवलंय."

"शाब्बास!" काकांना भरून आलं. "नोटिशीचा परिणाम बघितलास? थांबा, पावती देतो."

"जायचं म्हणजे कुठे जायचं?" काकूंनी विचारलं.

डॉक्टर मटकन खाली बसले. "काकू, लपवू नका. मागच्या आठवड्यात थकवा येतो म्हणून रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट शुक्रवारी येणार. लॅबमधल्या ताई आपल्याच मंडळीतल्या. मला कळायच्या आधी साऱ्या मंडळीला कळलंय ना? हे बघा." त्यांनी खिशातून कार्ड काढून वाचलं. "तुमच्यावर काय ओढवलंय ते आम्हाला ठाऊक आहे. तुम्ही बोलत नाही, तरी आम्ही जाणतो. घाबरू नका. या अंधारातून तुम्ही एकटे जात नाही आहात. आम्ही रोज तुमच्यासाठी प्रार्थना करतो."

काकूंनी कार्डात डोकावून पाहिलं. अक्षर त्यांचंच. कोपऱ्यात आकडा चार.

"डॉक्टर, तुम्हाला काही झालेलं नाही," त्या कशाबशा म्हणाल्या. "हे तुमचं नाहीच."

डॉक्टरांच्या जिवात जीव आला. नेमका त्याच वेळी काकूंचा गेला. त्यांनी आपली यादी काढली आणि बोट चौथ्या नावावर नेलं. मास्तर.

"म्हणजे माझ्या नोटिसा..." काकांचं पावतीपुस्तक हातातच राहिलं.

"दोन वर्षं मी त्या दारावर हात बडवतेय," काकूंचा आवाज फुटला, "आणि तुम्ही त्यांना लिहिलंत, दुःखाची सबब चालणार नाही!"

"केकचा डबा कुणी ठेवला टेबलावर?"

"पाकिटं खाकी कुणी आणली?"

वाद आणखी रंगला असता, पण फोन वाजला. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या शिंपीणबाई होत्या. पाच महिने अंथरुणात, तीन महिने हू की चू नाही. आज आवाज खणखणीत.

"माझ्याकडे तुमच्या खुर्च्या? माझ्याकडे एक मोडकं स्टूल आहे, तेही माझ्या आईचं! आणि आजारपणाची सबब नाही म्हणता? रविवारी वॉकर घेऊन येते आणि दाखवते गुडघा सगळ्या मंडळीला!"

"बाई, ऐका तरी, चूक झाली..."

"दहा वाजता!" फोन आपटला.

संध्याकाळपर्यंत आणखी सात फोन झाले. प्रत्येकाला काकूंनी चूक सांगितली, प्रत्येकाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. चिडलेल्या माणसाला चिडायचं कारण काढून घेतलेलं आवडत नाही, त्यातून ते वर्षभरात पहिल्यांदाच मिळालेलं असेल तर मुळीच नाही. मास्तरांचा फोन मात्र आला नाही. शेवटी नवराबायको त्यांच्या घरी गेले. काकूंनी दार वाजवलं आणि सवयीने डबा ठेवायला वाकल्या, तोच दार उघडलं.

मास्तर वाळले होते. दाढी वाढली होती. हातात नोटीस होती.

"सलाम, मास्तर," काका म्हणाले. "ही नोटीस..."

"रविवारी, दहाला, स्वतः. असंच लिहिलंय ना?"

"अहो, ते चुकून..."

"एकतीस वर्षं मी त्या चर्चमध्ये सूर लावला," मास्तर गरजले. जिन्यावरची मांजर पळाली. "आणि शेवटी मला खुर्चीचोर ठरवलंत? जे बोलायचं ते मंडळीसमोर बोलेन."

दार धाडकन लागलं. काकू पायरीवर बसल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. काकांनी लागलेल्या दाराकडे बोट दाखवलं.

"एक लक्षात आलं का तुझ्या?" ते हळूच म्हणाले. "दार उघडलं त्यांनी."

"गप्प बसा."

पाळकसाहेबांना सगळं सांगितलं तेव्हा ते आधी गंभीर झाले, मग त्यांना हसू आवरेना. "नऊच्या नऊ येणार म्हणता? मी वर्षभर बोलावतोय, एक आला नाही. काका, चहा जास्त ठेवा."

काकांना मात्र हसू येत नव्हतं. शनिवारी त्यांनी नोंदवहीत एक कागद ठेवला. त्यावर लिहिलं होतं, 'चूक माझी आहे.' पाठ करायला एवढंच वाक्य, पण त्यांच्या आयुष्यात ते पहिलंच होतं.

रविवारी दहाच्या आधी चर्चच्या अंगणात गर्दी झाली. कार्डं मिळालेले खुर्चीवाले आले, बऱ्याच जणांचे डोळे ओले. आपण इतक्या लोकांच्या प्रार्थनेत आहोत हे वाचून त्यांना खुर्च्या घरात ठेववेनात. दुसऱ्या बाजूने नोटीसवाले आले. शिंपीणबाई वॉकरवर, मागे भाचा आणि भाच्याच्या हातात ते मोडकं स्टूल. "घ्या! लिहा वहीत!" मग पाय प्लास्टरमध्ये असलेले वायरमन रिक्षातून उतरले. त्यांनी घरचा सोफाच आणायला काढला होता, पण तो दारातून निघाला नाही म्हणून बायकोची शिलाईची खुर्ची आणली होती. ज्यांनी काहीच नेलं नव्हतं, ते सगळे इरेला पेटून काही ना काही घेऊन आले होते.

सगळ्यांत शेवटी मास्तर आले. दाढी केलेली, कोट घातलेला, खांद्यावर वेताची खुर्ची. गडबड थांबली. ती खुर्ची सगळ्यांच्या ओळखीची होती. मास्तरांच्या पत्नी तिच्यात बसून घरच्या सरावाला ताल धरत.

मास्तरांनी खुर्ची काकांसमोर ठेवली. "मंडळीची खुर्ची माझ्याकडे नाही. पण तुमची वही खोटी पडायला नको. ही घ्या."

काकांनी कागद उघडला. अक्षरं दिसेनात. "चूक..." त्यांनी कागद मिटला. "चूक माझी आहे, मास्तर. सगळ्यांसमोर सांगतो. हिने तुम्हाला फार चांगलं पत्र लिहिलं होतं. मी ते दातांच्या डॉक्टरांना पाठवलं. आणि तुम्हाला... मला क्षमा करा."

मास्तर काही बोलणार, इतक्यात आतून गायनमंडळाचा सराव सुरू झाला. हल्ली तो मास्तरांची जुनी विद्यार्थिनी घेत असे. ती इस्पितळात नर्स होती आणि दोन पाळ्यांच्या मधे धावत येऊन शिकवत होती. तिने बिचारीने सूर जरा वरच धरला. तिसऱ्या ओळीला सगळे आवाज छपरापर्यंत चढले आणि तिथे लटकले.

मास्तरांचा चेहरा दात दुखावा तसा झाला. एक ओळ त्यांनी सोसली, दुसरीही सोसली.

"खाली!" ते ओरडले. "अगं, सूर खाली घे! देवदूतांना गायचंय, मांजरांना नाही!"

आणि मास्तर ताडताड आत गेले. काकांची क्षमा अंगणातच राहिली. नर्स त्यांना बघून आधी दचकली, मग रडली आणि मग तिने सूर खाली घेतला. मास्तरांनी हाताने ताल धरला. पहिल्या कडव्याला त्यांचा आवाज फाटला, दुसऱ्याला तो सापडला. अंगणात काकू उभ्या होत्या तिथेच रडत होत्या आणि हसतही होत्या. वेताच्या खुर्चीत शिंपीणबाईंना बसवलं, कारण गुडघा दाखवून झाल्यावर त्यांना उभं राहवेना.

चहाच्या वेळी डॉक्टर आले. रिपोर्टात नुसतं लोह कमी निघालं होतं. उसनं काही ठेवायचं नाही म्हणून त्यांनी कार्डही आणलं होतं. "हे तुमचं, मास्तर. रिपोर्ट येईपर्यंत चार दिवस मी वापरलं. फार उपयोग झाला."

मास्तरांनी कार्ड वाचलं. दोनदा वाचलं. मग नीट घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

"काकू, फार सुंदर लिहिलंय," ते म्हणाले. "पण आधी हे आलं असतं, तर मी ते उशीखाली ठेवून पुन्हा झोपलो असतो. दोन वर्षं सगळ्यांनी मला विश्रांतीच दिली हो. काही मागितलं ते फक्त तुमच्या यजमानांनी."

नाताळाच्या दिवशी एकही माणूस उभं राहिलं नाही, खुर्च्या उलट उरल्या. काकांनी ज्याला त्याला आपापली घेऊन जायला सांगितलं. मास्तरांनी नेली नाही. "राहू दे इथे. येतोच आहे मी दर रविवारी." काकांनी वहीत लिहिलं, 'वेताची खुर्ची, एक.' पुढच्या रकान्यात परत देण्याची तारीख लिहायची होती. तो त्यांनी कोरा ठेवला, आणि त्या रात्री त्यांना झोपही लागली.

पुढच्या वर्षी, नाताळाला तीन आठवडे असताना, काकू पुन्हा टेबलाशी बसल्या होत्या. शेजारच्या गल्लीतले एक निवृत्त सुतार मुलगा दूर गेल्यापासून घराबाहेर पडत नव्हते. काकूंनी कार्ड घेतलं, दोन ओळी लिहिल्या, पेन टेकवून थोडा वेळ विचार केला आणि कार्ड बाजूला सारलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "ती खुर्चीची नोटीस एक काढा हो."

काकांनी मान वर न करता नोंदवही पुढे ओढली.

"किती खुर्च्या लावू त्यांच्या नावावर?"