पालकर सर आणि बंद पडलेल्या कंपन्या

पालकर सरांना चालू दुकानात काडीचा रस नव्हता. बंद दुकान दिसलं की मात्र त्यांची स्कूटर थांबलीच. भाजी आणायला म्हणून कासार आंबोलीहून पौडला निघायचे आणि वाटेतल्या प्रत्येक उतरलेल्या शटरसमोर उभे राहायचे. शेजारच्याला विचारायचे, “हे कधी बंद झालं? कशानं?”

एकदा मी मागे बसलो होतो. एका ओस पडलेल्या पोल्ट्रीपाशी सरांनी स्कूटर लावली आणि शेजारच्या किराणा दुकानातल्या बबनरावांना गाठलं.

“कोंबड्या मेल्या, की भाव पडला?”

“दोनी झालं. वर भावाभावांत भांडान. पर सर, येक सांगू का?”

“सांगा.”

“बंद पडल्यालं लई दिस इचारताय. माजं चालू हाय. हितनं कवा साबन तरी घेतला का?”

सरांनी साबण घेतला. पैसे देताना म्हणाले, “तुमचं एक दुकान चालतंय, यावरून काहीच सिद्ध होत नाही, बरं का.”

“न्हाई तर न्हाई. साबन तेवढा लावा.”

मी पिरंगुटच्या एका कारखान्यात उत्पादनखर्चाचे हिशेब ठेवतो. २००३ साली आम्ही कासार आंबोलीत लहानसं घर बांधलं, तेव्हा कुंपणापलीकडे सर आधीपासून राहत होते. एकटेच. लग्न केलेलं नव्हतं. जवळच्या एका व्यवस्थापन संस्थेत ते कंपन्यांचं अर्थकारण शिकवायचे.

कुणाचं म्हणणं सांगताना त्याचं नाव घेतल्याशिवाय ते पुढे जात नसत. “उद्या पाणी येणार नाही, असं बबनराव म्हणतात. आज सकाळी म्हणाले. मी स्वतः तपासलेलं नाही.” माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या आमटीची कृतीसुद्धा ते पाहुण्यांना “साठेवहिनींच्या मते” अशी सांगायचे.

फक्त एक वाक्य ते कुणाचंही नाव न घेता वापरायचे. “बंद पडलेले धरलेत का?” पौड रस्त्यावर ढाबे फार चालतात, असं कुणी म्हटलं की, “बंद पडलेले धरलेत का?” माझ्या मेहुण्याने एका बारशात अभिमानाने सांगितलं, की आमच्या घराण्यातली सगळी लग्नं टिकली. सर गंभीरपणे म्हणाले, “मोडलेली धरलीत का?” मेहुण्याच्या धाकट्या बहिणीचं नुकतंच मोडलं होतं. त्या दिवशी जेवणं फार लवकर उरकली.

संशोधन म्हणाल, तर उभ्या हयातीत सात निबंध. संस्थेतले तरुण प्राध्यापक तेवढे दोन वर्षांत लिहीत. पण सरांचा एक निबंध जगभर माहीत होता. न चुकता दरवर्षी लाभांश वाटणाऱ्या कंपन्यांची तब्येत पुढे चांगली राहते, असं त्यात मांडलं होतं. तो पुढच्या अनेकांनी आपल्या लिखाणात संदर्भ म्हणून दिला. संस्थेचे संचालक पाहुण्यांना सरांची ओळख त्या निबंधाच्याच नावाने करून देत.

आमच्याकडे ब्रॉडबँड आलं आणि सर दर रविवारी संगणकावर येऊन बसू लागले. आठवड्यात आपला संदर्भ कुणी दिला, ते पाहायचे. कौतुक केलेलं असलं की पान पुढे सरकवायचे. पण ऑस्ट्रेलियातल्या कुणा मोहिते यांचा निबंध आला, की थांबायचे आणि म्हणायचे, “साठेसाहेब, हा छापून द्या.”

या मोहितेबाई दरवर्षी सरांना खोडून काढत. पालकर म्हणतात तसं आढळत नाही, पालकरांचा निष्कर्ष तपासायला हवा, असं काहीतरी हमखास असायचं. सर ते वाचत बसायचे आणि चहाचं निवून पाणी व्हायचं.

“सर, ही बाई तुम्हाला दरवर्षी चूक ठरवते आणि तुम्ही नेमका तिचाच पेपर घरी नेता?” सुनंदाने एकदा विचारलं.

“वहिनी, चूक ठरवायला आधी सगळं वाचावं लागतं. बाकीच्यांनी नुसतं शीर्षक वाचलंय.”

सर निवृत्त झाले, त्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसले होते. सुनंदाने सरळ विचारलं, “ही मोहिते कोण हो?”

“अनघा. माझी पहिली पीएच.डी.ची विद्यार्थिनी.” मग म्हणाले, “मी तो लाभांशाचा निबंध संस्थेत पहिल्यांदा वाचून दाखवला, तेव्हा भर सभेत उठली. म्हणाली, सर, तुम्ही आज जिवंत असलेल्याच कंपन्या मोजल्यात. बंद पडलेल्या धरल्यात का?”

“म्हणजे ते वाक्य तिचं!” सुनंदा म्हणाली.

“मी म्हणालो, बंद पडलेल्यांना काय विचारायचं? खाली बसा. ती बसली. पुढच्या आठवड्यात तिने मार्गदर्शक बदलला. मग परदेशी गेली. तेव्हापासून बोलणं नाही. जे काय आहे ते छापूनच.”

“आणि खरं कोणाचं?” मी विचारलं.

“तिचं. बंद पडलेल्या कंपन्या घालून मी सगळं पुन्हा मोजलं. माझा निष्कर्ष टिकत नाही. तसा निबंधही लिहून ठेवलाय, दोन वर्षं झाली.”

“मग पाठवत का नाही?”

सर सुनंदाकडे पाहून म्हणाले, “पाठवला की वाद मिटला, वहिनी. वाद मिटल्यावर ती माझं नाव कशाला घेईल?”

मला आकड्यांपलीकडचं फारसं सुचत नाही. मी म्हणालो, “पण सर, तोवर बाकीचे लोक चुकीचा आकडा वापरताहेत.”

सर उठून गेले. पुढचे काही रविवार फिरकलेच नाहीत. मला वाटलं, आपण एक चांगला शेजारी गमावला. मग एक दिवस कुंपणापलीकडून आवाज आला, “साठेसाहेब, पाठवला. पहिल्याच परिच्छेदात तिचं नाव घातलंय.”

तो छापून आला. पुढच्या वर्षी अनघा मोहितेंचा नवा निबंध आला. मी सर यायच्या आधी संदर्भांची यादी पाहिली. ‘पी’खाली पालकर नव्हते. चुकून सुटलं असेल म्हणून पूर्ण निबंध चाळला. कुठेच नव्हते.

सर आले, तेव्हा मी गोलगोल काहीतरी बोलू लागलो.

“नाहीये ना?” ते म्हणाले. “नसणारच. छापून द्या.”

खुर्ची खिडकीशी ओढून ते वाचत बसले. सुनंदाने चहा दोनदा गरम केला. एका पानावर ते थांबले, मागे गेले, पुन्हा पुढे आले. मग त्यांनी माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं. चेहरा एकदम उजळला होता.

“हे मला पटत नाही,” ते म्हणाले. “आता मलाच तिचा संदर्भ द्यावा लागणार.”

“कुठे चुकलंय तिचं?”

“ते अजून सापडलेलं नाही,” सर खुशीत म्हणाले. “शोधायला दोन-तीन वर्षं तरी जातील.”